इंजिनामागचा तपकिरी डबा

१

रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर रुळांवर मरून पडलेले सापडले, तेव्हा मालगाडीच्या टाक्या त्यांच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर थांबल्या होत्या. इंजिन त्या टाक्या मागून रेटत आत आणत होतं. सगळ्यात पुढच्या टाकीच्या पायरीवर उभ्या असलेल्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याला फलाटाखाली काहीतरी पांढरं दिसलं. त्याने लाल झेंडी हलवली आणि ड्रायव्हरने गाडी कचकन थांबवली. पांढरा दिसला तो मॅनेजरसाहेबांचा शर्ट होता. डोक्याचा मागचा भाग फुटला होता; पोलिसांनी नंतर तो लोखंडी सळईचा घाव ठरवला. गाडी त्यांना शिवलीसुद्धा नव्हती. ते आधीच गेलेले होते.

दिवस मावळायच्या आत पोलिसांनी कारखान्याच्या स्टोअरकीपरला धरलं.

या स्टोअरकीपरला सगळे ‘गार्ड’ म्हणत. बिचारा रेल्वेत कधीच नव्हता, पण मालगाड्या बघायचं त्याला विलक्षण वेड. मोठ्या यार्डातून रुळांचा एक एकेरी फाटा निघत होता. वाटेत आधी कागदाची गिरणी, मग काचेचा कारखाना, आणि वळणापलीकडे भिंतीआड रंगाचा कारखाना. तिथे रूळ संपत. या एवढ्याशा फाट्यावर दिवसभर इंजिन ये-जा करी, डबे सोडी, डबे उचली. जेवणाचा भोंगा झाला की गार्ड कुंपणाच्या फटीतून सटकायचा आणि रुळांवरच्या पादचारी पुलावर जाऊन उभा राहायचा. “लोक डबा खातात, हा डबे बघतो,” अशी त्याची थट्टा चाले. तोही हसायचा. पोटात कावळे ओरडत असले तरी डब्यांची जोडतोड, ते शंटिंग, संपल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे.

त्या दिवशी सकाळी याच वेडापायी मॅनेजरने त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. गार्डही तोंडाला येईल ते बोलून गेला होता. “तुम्हाला एकदा कोणीतरी अद्दल घडवायला पाहिजे!” हे वाक्य अर्ध्या कारखान्याने ऐकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर स्टोअरच्या दिशेने जाताना लोकांना दिसले, त्यानंतर कोणालाच दिसले नाहीत. माल चढवायच्या फलाटावर जायला वाटा दोनच. एक स्टोअरमधून, तिची किल्ली गार्डकडे. दुसरी फलाटाच्या टोकाला असलेल्या लोडिंग सुपरवायझरच्या केबिनमधून. सुपरवायझर सुट्टीभर कँटीनमध्ये चारचौघांत जेवत होता.

“सुट्टीत तुम्ही कुठे होता?” पोलिसांनी गार्डला विचारलं.

“पुलावर. गाडी बघत.”

“बरोबर कोण होतं?”

“कोणी नाही.”

“मग काय बघितलंत ते तरी सांगा.”

“हिशेब आटपून पोचायला मला उशीर झाला, तोवर गाडी पुलाखाली जोडून उभी होती. इंजिन, त्याला लागून एक तपकिरी बंद डबा, आणि त्याच्या पुढे टाक्या.”

पोलिसांनी ड्रायव्हरला विचारलं, सांधेवाल्याला विचारलं, लोडिंग सुपरवायझरला विचारलं. तिघांचं उत्तर एकच. दुपारच्या गाडीत फक्त टाक्या होत्या. तपकिरी डबा सकाळीच यार्डात गेला होता.

मग काय! खोटं पकडलं गेलं असंच सगळ्यांनी धरलं.

२

कोर्टाने जामीन दिला, पण अट घातली. खटला उभा राहीपर्यंत गार्डने जामीनदाराच्या घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पायाला पट्टा बांधला. उंबरा ओलांडला की चौकीत घंटा वाजणार.

जामीनदार म्हणजे त्याचे भावोजी. थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. तेच कारखान्याचे लोडिंग सुपरवायझर. गार्डला स्टोअरमध्ये चिकटवलं तेही त्यांनीच. मोठ्या मनाचा माणूस, असं सगळी वस्ती म्हणायची. साक्ष खरी ती दिली, डबा सकाळीच गेला म्हणून सांगितलं, आणि वर मेव्हण्याला जामीनही राहिले. “खरं ते खरं, पण आपलं माणूस ते आपलं माणूस,” असं ते म्हणाले, तेव्हा ताईने डोळे पुसले होते.

कारखान्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाट, शिवणयंत्र, आणि एक खिडकी. खिडकीतून तोच फाटा दिसे. पूल, त्याखाली इंजिनाला वळसा घालता यावा म्हणून टाकलेला जोडरूळ, अलीकडे गिरणी आणि काच कारखान्याचे फाटे, पलीकडे वळण. वळणापुढे भिंत. इतकी वर्षं जेवण सोडून जे बघायला तो धावायचा, ते आता सकाळ-संध्याकाळ समोर वाढून ठेवलेलं होतं, आणि घशाखाली उतरत नव्हतं. आंघोळीला जाताना पट्टा नळाला लागून खण्णकन वाजायचा. ताई दवाखान्यात नर्स होती. ती कामावर गेली की घरात नळाचं टपटपणं तेवढं उरे. दार उघडंच असायचं, वस्तीतली दारं उघडीच असतात, आणि त्या उघड्या दारासमोर बसून राहणं बंद दारापेक्षा वाईट होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला होता. तपकिरी डबा खरंच होता का? की आदल्या दिवशीचं डोक्यात बसलं? तिघं एक सांगतात, आपण एकटे दुसरं सांगतो. वेडा कोण मग?

भावोजी रोज कामावरून आले की खाटेवर त्याच्या शेजारी बसत. पाठीवर हात ठेवत.

“हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगतो. कबूल करून टाक. मारायचं मनात नव्हतं म्हण. बोलता बोलता शब्दाला शब्द वाढला, ते अंगावर आले, तू नुसता हात लावलास. त्यांचा पाय फलाटाच्या कडेवरून मागे गेला, तोल सुटला. कोर्टालाही मन असतं रे. थोडक्यात सुटशील.”

“पण भावोजी, मी केलंच नाही!”

“मी कुठे म्हणतो केलंस? मी म्हणतो, सुटायचा रस्ता हा आहे. पुलाचं आणि डब्याचं तुणतुणं वाजवत राहिलास तर जन्म आत जाईल.”

स्वयंपाकघरात ताई भांडी घासत असायची. त्याला वाटायचं, तिने एकदा तरी विचारावं, ‘केलंस का रे?’ ती विचारत नव्हती, आणि तो आपणहून सांगत नव्हता.

एका सकाळी त्याने ठरवून टाकलं. कबूल करायचं. संपवायचं एकदाचं. वकिलाला निरोप कसा धाडावा याचा विचार करत तो बसला होता, तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. दारात त्याला अटक करणाऱ्या इन्स्पेक्टरबाई उभ्या होत्या. एकट्या. हातात बेड्या नव्हत्या की कागद नव्हता.

“पाणी द्या आधी,” त्या म्हणाल्या. “आणि मला तुमची गाडी बघायचीय.”

३

इन्स्पेक्टरबाई अंगाने भारी, बोलायला रोखठोक. त्यांनी बूट काढले, शिवणयंत्राची खुर्ची खिडकीशी ओढली आणि पाय चोळत बसल्या.

“का आलेय ते तुम्हाला सांगते. दोन दिवस झाले, झोप नीट लागत नाही. खोटं बोलणारा माणूस सोपं खोटं बोलतो. तुम्हाला रोजची गाडी तोंडपाठ. नुसतं ‘इंजिन आणि टाक्या’ म्हणाला असतात तर खपलं असतं. तुमच्याइतका गाडीवेडा माणूस थाप मारताना गाडीच चुकीची सांगेल?”

गार्डला एकदम भरून आलं. इतक्या दिवसांत त्याच्या बाजूने आलेलं हे पहिलं वाक्य. पण लगेच त्याला भीती वाटली. पोलिसांचं गोड बोलणं म्हणजे गळाला लावलेलं आमिषही असू शकतं.

“आता माझी मलाच खात्री नाही, बाई. मी कबूल करणार आहे.”

“करा की. कबूल करायला कधीही मुहूर्त असतो. आधी मला एक सांगा, मॅनेजरचं आणखी कोणाशी वाकडं होतं?”

“वाकडं असं नाही. मागच्या थंडीत एका हमालाचा पाय दोन डब्यांच्या बफरमध्ये, धक्के झेलणाऱ्या दांड्यांत, सापडला. गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीत ठरलं की खूण व्हायच्या आधीच तो मध्ये शिरला. चूक त्याचीच. पण मॅनेजरसाहेबांना ते पटलेलं नव्हतं बहुतेक. हल्ली ते त्याच्या घरी जायचे, असं ऐकलं होतं.”

“चौकशीत साक्ष कोणाची?”

“भावोजींची. ते तिथे होते ना.”

बाईंनी मान हलवली आणि विषय सोडला. खाली शिटी झाली. यार्डाकडून इंजिन आलं, मागे टाक्यांची रांग. पुलाखाली थांबलं. सांधेवाल्याने टाक्या सोडवल्या. इंजिन एकटं पुढे गेलं, जोडरुळावरून वळसा घालून टाक्यांच्या मागे आलं, आणि सावकाश त्यांना रेटत वळणापलीकडे दिसेनासं झालं.

“हे असं उलटं का?” बाईंनी विचारलं.

“पुढे रूळ संपतात. इंजिन पुढे राहिलं तर आतच अडकेल. म्हणून टाक्या पुढे, इंजिन मागे.”

थोड्या वेळाने इंजिन रिकाम्या टाक्या ओढत परत आलं. काच कारखान्याच्या फाट्यापुढे जाऊन थांबलं, मागे सरकलं आणि तिथले दोन डबे जोडून घेतले. मग गिरणीच्या फाट्यावर तेच. बाई हनुवटीखाली हात धरून बघत होत्या. पुढची फेरीही त्यांनी पाहिली. ताई कामावरून येऊन दारात थबकली, बाईंना बघून पांढरी पडली, आणि न बोलता आत गेली.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “वेड्यासारखा प्रश्न असेल. काचवाल्यांचे, गिरणीवाल्यांचे डबे दर वेळी शेपटालाच का जोडतात?”

“दुसरं होणारच नाही. सांधेच तसे आहेत. गाडीला पुढे जाऊन मागे सरकावं लागतं, म्हणजे गाडीची शेपटीच त्यांच्या फाट्यात शिरते. जे लागायचं ते शेपटाला.”

“म्हणजे इंजिनाला लागून, टाक्यांच्या आधी, त्यांचा डबा येऊच शकत नाही?”

“छे! तसा डबा यायचा तर इंजिन टाक्या सोडून एकटंच पुढे गेलं पाहिजे, डबा घेऊन मागे आलं पाहिजे आणि मग...”

गार्डचं वाक्य तोंडातच राहिलं. इंजिन एकटंच पुढे गेलं पाहिजे. पुढे काय होतं? वळण, भिंत, आणि रंगाचा कारखाना. त्याच्याशिवाय पुढे काहीच नव्हतं.

इन्स्पेक्टरबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या.

“तो डबा तुमच्याच कारखान्यातून आला होता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई ड्रायव्हरलाच जिने चढवून वर घेऊन आल्या. पिकल्या मिशांचा, टोपी हातात चुरगाळणारा माणूस. गार्डला बघून त्याने नजर खाली घातली. आजवर गार्डने त्याला कायम वरून, पुलावरून पाहिलेलं. एवढ्या जवळून प्रथमच.

“इथे बसा,” बाई म्हणाल्या. “त्या खिडकीतून तुमचं रोजचं काम दिसतं. आता मी सांगते ते बरोबर की चूक एवढंच सांगा. त्या दिवशी फलाटाशी एक तपकिरी डबा उभा होता. तो हलवल्याशिवाय टाक्या आत जाणार नव्हत्या. दारात गाय बसली असेल तर घरात पाहुणे शिरणार कसे? तुम्ही टाक्या पुलाखाली सोडल्या, एकटं इंजिन नेऊन डबा काढून टाक्यांच्या मागे आणला, आणि त्याच्यासकट टाक्या रेटत आत गेलात.”

ड्रायव्हरने टोपी पिळली. टोपीचा पार बोळा झाला.

“हा माणूस खुनाच्या आरोपात अडकलाय,” बाईंनी गार्डकडे बोट केलं. “त्याने जे पाहिलं ते खरं होतं. खोटं तुम्ही बोललात.”

“बाई, मला काय ठाऊक डब्याचा आणि खुनाचा संबंध आहे ते!” ड्रायव्हर एकदम फुटला. “सकाळच्या फेरीत घाईघाईत तो आमच्याकडून राहिला. वर कळलं असतं तर मी आणि सांधेवाला दोघंही घरी बसलो असतो. आमची थोडीच राहिलीय नोकरी. जेवणाच्या भोंग्याआधी मी फाटकावर सुपरवायझरसाहेबांना गाठलं, हात जोडले. ते म्हणाले, सगळे जेवायला बसले की गुपचूप काढून न्या, कोणाचं लक्ष नसतं. मी सकाळीच गेला म्हणून सांगतो. देवमाणूस वाटले हो!”

“आणि मॅनेजर मेल्यावर?”

“तेव्हा म्हणाले, आता तर जिभेला कुलूप घाला. मी तुमचं झाकलंय, उघडं पडलं तर तुमचीच मान जाईल.”

“डबा काढलात तेव्हा रुळावर काही होतं?”

“काही नव्हतं. मी इंजिनातून स्वच्छ बघितलं, सांधेवाला तर खाली उतरून डबा जोडत होता. डबा पुलापाशी आणून टाक्यांना जोडला आणि तिथेच आम्ही भाकरतुकडा खाल्ला. सुट्टी संपल्याचा भोंगा होऊन बराच वेळ झाल्यावर आत गेलो. गाडी थांबली तेव्हा इंजिन आणि डबा वळणावर, भिंतीबाहेरच होते, म्हणून कोणाला दिसले नाहीत.”

बाईंनी त्याला पाणी दिलं. मग गार्डकडे वळून त्या म्हणाल्या, “आता नीट ऐका. सुट्टीत डबा जागेवर होता तोवर मॅनेजर त्या रुळावर पडणं शक्यच नव्हतं. तिथे डबा होता. डबा हलला तेव्हाही रूळ मोकळा होता. त्यानंतर तो डबा होता पुलाखाली, इंजिन आणि टाक्यांच्या मध्ये, आणि तो तिथे होता हे या तिघांनी सगळ्यांपासून लपवलं. मग तुम्हाला कसं कळलं? एकच वाट आहे, तुम्ही त्या वेळी पुलावर होतात. तिथून परत कधी आलात?”

“सुट्टी संपल्याचा भोंगा झाल्याबरोबर. गाडी उभीच होती.”

“स्टोअरच्या दाराशी तुमची वाट बघत दोन माणसं थांबली होती. बोंब उठेपर्यंत ती तुमच्याबरोबर पिंपं लावत होती. त्यांना मी काल भेटले. म्हणजे मॅनेजर मेले ते सुट्टीनंतर. आणि सुट्टीनंतर कोण कुठे होतं, हे आम्ही कोणालाच विचारलं नाही. विचारलं नाही, कारण सुट्टीतच मेले असं आम्ही धरून चाललो. डबा सकाळीच गेला असं सांगून ते धरायला लावलं कोणी?”

गार्डने मान वर केली. त्याला भावोजींचा पाठीवरचा हात आठवला. ‘त्यांचा पाय फलाटाच्या कडेवरून मागे गेला, तोल सुटला.’ पोलिसांचं म्हणणं होतं की डोक्यात लोखंडी सळई घातली. पाय मागे गेल्याचं आजवर कोणीच बोललं नव्हतं. रोज त्याच्या शेजारी बसून भावोजी त्याला जे शिकवत होते, तो त्यांचा स्वतःचा कबुलीजबाब होता.

“याचा जबाब लिहून घेऊन येते,” बाई ड्रायव्हरला उठवत म्हणाल्या. “तोवर दार लावा, आणि तोंडही.”

त्या जिना उतरल्या. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. गार्ड दार लावायला वळला, तर भावोजी शेवटची पायरी चढत होते.

५

“ड्रायव्हर इथे कशाला आला होता?” भावोजींनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्यांनी आत येऊन दाराला कडी घातली. ती कडी घरात माणसं जागी असताना कधी कोणी घातलेली नव्हती. खोली एकदम लहान झाली. गार्ड खिडकीशी, भावोजी दाराशी, मध्ये खाट. बाहेर जायला त्याला पाय होते, पण त्या पायात पट्टा होता.

“भावोजी, डबा सकाळी गेला नव्हता.”

भावोजी खाटेवर बसले. ओरडले नाहीत, अंगावर आले नाहीत. नुसते बसले, तेव्हा गार्डला ते अचानक म्हातारे दिसले.

“ते माझ्या केबिनमध्ये वाट बघत होते,” ते म्हणाले. “मी जेवून गेलो तर खुर्चीत बसलेले. म्हणाले, त्या हमालाला खूण तूच दिली होतीस. मी सगळं काढलंय, उद्या वर सांगणार. मला हाताला धरून फलाटावर नेलं, त्या जागेशी. बघ म्हणाले, इथे त्याचा पाय गेला. बघ! आणि माझं डोकं ओढून खाली वाकवायला लागले. मी हात झटकला रे. नुसता झटकला.”

“आणि मला पुढे केलंत.”

“केलं नाही! झालं ते तसं! डब्याचं मी आधीच त्या ड्रायव्हरला वचन देऊन बसलो होतो. पोलिसांनी डबा कधी गेला विचारलं, मी ठरलेलं बोललो. मग तू पुलाचं सांगितलंस आणि मला कळलं की माझ्या त्या शब्दाने तुझा गळा आवळलाय. सोडवायला गेलो तर माझ्याच गळ्यात फास येणार होता.” त्यांनी चेहरा हातांनी झाकला. “म्हणून तर जामीन राहिलो. म्हणून तर कबूल कर म्हणत होतो. थोडक्यात सुटला असतास. तुझ्या मागे ना बायको ना पोर. मला तुझी ताई आहे.”

गार्डच्या अंगात आग उठली. त्याला वाटलं, या माणसाची मानगूट धरावी. आणि त्याच वेळी त्याला लख्ख दिसलं की मॅनेजरनेही तेच केलं होतं. तो जागचा हलला नाही.

दारावर थाप पडली.

“कडी का घातलीय?” ताईचा आवाज. “अहो? दार उघडा.”

“तिला काही सांगू नकोस,” भावोजी कुजबुजले. “मी तुझ्या पाया पडतो.”

“उघडा ना! आतमध्ये कोण आहे?”

गार्ड खाटेला वळसा घालून पुढे झाला. भावोजी उठून दारासमोर उभे राहिले. दोघं एकमेकांचे श्वास ऐकू येतील इतक्या जवळ. बाहेर ताई आता दोन्ही हातांनी दार ठोकत होती. शेजारची दारं उघडल्याचे आवाज आले.

मग भावोजींनीच मागे हात नेऊन कडी काढली.

ताई आत आली. नवऱ्याचा चेहरा पाहिला, भावाचा पाहिला. तिने पिशवी खाली ठेवली, दार पुन्हा लोटून घेतलं, आणि इतके दिवस गिळून ठेवलेला प्रश्न विचारला.

“मला एकच सांगा. तुम्ही की हा?”

खाली इंजिनाची शिटी झाली.

“मी,” भावोजी म्हणाले.

ताई उभीच राहिली. रडली नाही. मग बोलली, पण कोणाशी ते कळेना.

“त्या दिवशी संध्याकाळी तुम्हीच मला म्हणालात, त्याच्यासाठी डबा भर, कोठडीत उपाशी असेल. दोन पोळ्या जास्त घाल म्हणालात.”

इन्स्पेक्टरबाई परत आल्या तेव्हा भावोजी स्वच्छ कपडे घालून, चपला पायात सरकवून दाराशी बसले होते. जिना उतरताना त्यांनी एकदा मागे पाहिलं. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

६

पट्टा काढायला एक शिपाई आला. कात्रीसारख्या कसल्याशा हत्याराने त्याने तो कापला, कागदावर सही घेतली आणि गेला. गार्डच्या घोट्याभोवती पांढरट वळ उमटला होता. आता तो कुठेही जाऊ शकत होता, आणि तरी तो संध्याकाळपर्यंत खाटेवरच बसून राहिला. उंबऱ्यापाशी गेला की पाय आपोआप थांबत होते.

घरात दोघंच. ताई कामावर जात होती, येत होती, स्वयंपाक करत होती. वस्तीतल्या बायका जिन्यात तिला बघून गप्प होत. ती भावाशी धड बोलत नव्हती. त्याच्यामुळे काही झालेलं नव्हतं, हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

“तू गप्प बसला असतास तर?” एकदा ताट वाढताना तिने विचारलं.

“बसणारच होतो, ताई. कबूल करणार होतो.”

“मग बरं झालं नाही बसलास,” ती म्हणाली. वाढलेला भात तसाच ठेवून ती समोर बसली. “मी तुला विचारलं का नाही, माहितीय? तू ‘नाही’ म्हणाला असतास, तर मग मला दुसऱ्या कोणाला तरी विचारावं लागलं असतं.”

सुट्टीच्या दिवशी ती सकाळीच तयार झाली. “चल,” म्हणाली. “त्या हमालाचं घर तुला माहितीय ना?”

“ताई, तू कशाला? मी सांगून येतो.”

“तू काय सांगणार? खूण माझ्या नवऱ्याने दिली होती. चल मुकाट्याने.”

गार्डने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. ताई पुढे, तो मागे, असे ते जिना उतरले. उन्हात त्याचे डोळे दिपले. वस्तीच्या टोकाला, रुळांच्या कडेला हमालाची खोली होती. तो दाराशी स्टुलावर बसून कोणाची तरी छत्री दुरुस्त करत होता, बाजूला कुबडी. सुपरवायझरच्या बायकोला ओळखून त्याने छत्री खाली ठेवली. चेहरा दगडासारखा केला.

ताईने बसायला मागितलं नाही. उभ्या उभ्याच, पदर घट्ट धरून ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्हाला आत जायची खूण माझ्या नवऱ्याने केली होती. मग चौकशीत ते खोटं बोलले. आता त्यांनी पोलिसांत तसं लिहून दिलंय. चूक तुमची नव्हती. एवढंच सांगायला आले होते.”

हमाल तिच्याकडे बघत राहिला. मग कुबडी चाचपून तो धडपडत उठला. गार्ड धरायला पुढे झाला तसा त्याने हाताने त्याला थांबवलं आणि मान वळवून खोलीच्या अंधारात हाक मारली.

“अगं ए! बाहेर ये जरा. लवकर ये.” आणि मग ताईकडे वळून, हात जोडून म्हणाला, “बाई, तिच्यासमोर एकदा सांगा. पुन्हा सांगा. हेच सांगा.”